फाटकावरची माळ

"तो बूट तळ्याला वाहिलास, की परत हवाय?"

वेल्गा गुडघाभर चिखलात उभी होती. एका हातात विळा, दुसऱ्या हाताच्या कवेत वेखंडाची लांब हिरवी पाती, आणि डावा पाय नुसता मोज्यानिशी हवेत. बूट चिखलाने गिळला होता. मागून आलेला हा आवाज तिने बरोबर एक वर्ष ऐकला नव्हता. तो कधी ऐकू येतो म्हणून ती वर्षभर कान टवकारून होती, आणि आता आला तर तिला वाटलं, त्या बुटामागोमाग आपणही चिखलात जावं आणि वर येऊच नये.

काठावर तालिस उभा होता. पाठीला प्रवासाची पिशवी, केस जरा जास्तच बारीक कापलेले, आणि चेहऱ्यावर एक सभ्य हसू. तालिस तिच्याशी याआधी कधी सभ्यपणे हसला नव्हता. तो एकतर खो खो हसायचा, नाहीतर कपाळाला आठ्या घालून तिच्याकडे बघत राहायचा. हे नवं हसू पोस्टातल्या बाईला देतात तसलं होतं.

"आलास?" ती म्हणाली. वर्षभर मनाशी घोकलेल्या शंभर वाक्यांतून एवढंच बाहेर पडलं.

"आलो. बसमधून उतरलो तर तळ्यात कोणीतरी एका पायावर उभं. म्हटलं, यंदा करकोचे फारच मोठे झालेत."

एरवी वेल्गाने याला असं उत्तर दिलं असतं की तालिसला बसमध्ये परत चढावं लागलं असतं. अपशे गावात तिच्या जिभेशी कोणी पैजा लावत नसे. पण आज ती जीभ टाळूला चिकटून बसली. तालिसने पिशवी खाली ठेवली, विजार वर दुमडली आणि चिखलात उतरला. कोपरापर्यंत हात घालून बूट शोधला, उपसून काढला, त्यातलं पाणी ओतलं. तिला आधार म्हणून त्याने तिचं कोपर धरलं... क्षणभरच. मग विस्तवाला हात लागल्यासारखा काढून घेतला.

"उद्या झेंतामावशीकडे येशील ना?" तिने विचारलं. "लीगो आहे."

"बघू. प्रवासाने थकलोय जरा," तो म्हणाला. मग ते सभ्य हसू पुन्हा एकदा दाखवलं, पिशवी उचलली आणि रस्त्याला लागला. पावसाचे चार थेंब पडले. वेल्गा हातात बूट घेऊन कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. लाज वाटायला जागा आणि वेळ चांगली निवडली म्हणायची.

तर या लाजेला कारण होतं.

लीगो म्हणजे वर्षातली सगळ्यात लहान रात्र. सूर्य अगदी माथ्यावर चढतो, दमतो, आणि खाली उतरायच्या आधी एकदा थांबून प्रत्येकाच्या अंगणात डोकावतो असं अपशेतले लोक मानतात. म्हणून त्याआधी वाफ्यांतलं तण निघालं पाहिजे, अंगण झाडलं पाहिजे, फाटकावर बर्चच्या फांद्या आणि पानाफुलांची माळ लागली पाहिजे. त्या दिवशी तोडलेल्या झाडपाल्यात औषध असतं. बायका डोक्यावर फुलांची माळ घालतात, पुरुष ओकच्या पानांची. गोल माळ, गोल चीज, गोल सूर्य. रात्रभर टेकडीवर आग पेटती ठेवायची, कारण सूर्य तेवढा वेळ दिसेनासा होतो आणि त्याला एकटं वाटू द्यायचं नसतं. आणि गेल्या वर्षीची वाळलेली माळ, जिची तिने किंवा ज्याची त्याने, या आगीत टाकायची. वर्षभराचं जे काही वाईट असेल ते तिच्याबरोबर जळतं.

आणि गायचं. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. एकमेकांची उणीदुणी काढत, टोमणे मारत, "लीगो, लीगो" असं ध्रुपद धरत गायचं. कोणाच्या वाफ्यात तण आहे, कोणाची बिअर पांचट आहे, कोणाचा नवरा कोंबड्यांबरोबर झोपतो आणि त्यांच्यानंतर उठतो, सगळं निघतं. नियम एकच. लागलं तरी लागू द्यायचं नाही. लीगोच्या गाण्यावरून जो रुसला त्याच्यावर पुढची दहा वर्षं गाणी होतात.

गेल्या वर्षी लीगोच्या सकाळी वेल्गा आणि तालिस ओकची पानं तोडायला रानात गेले होते. तालिस सुतार. लाकडी फळ्यांची छपरं घालायचा. निम्मं गाव पावसापासून कोरडं होतं ते त्याच्यामुळे. वेल्गा झेंतामावशीच्या गोठ्यामागच्या खोलीत चीज बनवायची. दोघं लहानपणापासून एकमेकांना चिडवत आले होते, पण त्या उन्हाळ्यात चिडवण्यात काहीतरी वेगळंच मिसळलं होतं. तो शिडीवरून पानं खाली टाकायचा ती नेमकी तिच्या डोक्यावर. ती खालून ओरडायची, पण सरकायची नाही.

मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसून त्याने तिला एक गोष्ट सांगितली. तो नऊ वर्षांचा असताना त्याची आई आयर्लंडला गेली, मशरूमच्या शेतावर कामाला. जाताना म्हणाली, लीगोला येते. त्या वर्षी त्याने फाटकावर माळ लावली आणि शेवटची बस जाईपर्यंत तिथे उभा राहिला. पुढच्या वर्षीही. बाप म्हणायचा, पुरे आता. तीन वर्षांपूर्वी बाप वारला. "आणि मी अजून लावतो," तालिस म्हणाला होता. "लोकांना वाटतं रीत म्हणून लावतो. मी अठ्ठावीस वर्षांचा घोडा, वेल्गा, आणि शेवटची बस गेल्याशिवाय आगीपाशी येत नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं कधी." बोलताना तो ओकचं एक पान बोटांत चुरगाळत होता. वेल्गाने ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि हात तसाच ठेवला.

आणि त्याच संध्याकाळी ती ते गायली.

का, याला चांगलं कारण नव्हतं. पुरुष जिंकत होते. दुधाची गाडी चालवणारा ब्रेन्सिस, ज्याचं पोट त्याच्याआधी दारातून आत येतं, तो एकावर एक कडवी रचत होता. बायका सगळ्या वेल्गाकडे बघत होत्या. तिला हरायची सवय नव्हती आणि टाळ्यांची हाव होती. तिने मनात हात घातला, आणि जे सगळ्यात वर होतं तेच हाताला लागलं.

*तालिसच्या फाटकाला पानांची माळ, लीगो, लीगो,*
*वाट बघता बघता सरला काळ, लीगो, लीगो.*
*आली तर कोण? गाय शेजारची, लीगो, लीगो,*
*खाऊन गेली माळ बिचाऱ्याची, लीगो!*

टेकडी हसून लोटपोट झाली. बहुतेकांना वाटलं, बिचारा बायकोच्या शोधात आहे. ज्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना आईची वाट बघत फाटकाशी उभं राहणारं पोर आठवत होतं ती तेवढी गप्प झाली. आणि तालिस... तालिस हसला. नियमाप्रमाणे हसला. त्याने डोक्यावरची ओकची माळ काढली, जी सकाळी वेल्गानेच गुंफली होती, ती बाकावर ठेवली, आणि बिअर आणायला म्हणून गेला तो परत आला नाही. दोन दिवसांनी कळलं, तो आयर्लंडला गेला.

तालिस गेला, पण गाणं गावातच राहिलं. चाल सोपी होती ना. पोस्टातली बाई टपालावर शिक्के मारताना ते गुणगुणायची. नोव्हेंबरात दोन लग्नांत ते गायलं गेलं, आणि दोन्ही वेळा लोक वेल्गाकडे वळून वाहवा म्हणाले. वेल्गा मान खाली घालून बटाटे खात राहिली. आपल्याच कडव्याने आपल्या काळजाला घरं पडतात हे तिला नव्यानेच कळत होतं. तालिसची ती माळ तिने चीजच्या खोलीत खुंटीला टांगली होती. रोज चीज उलटंपालटं करताना ती दिसायची आणि रोज वेल्गाच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

बूट हातात धरूनच ती झेंतामावशीकडे आली. झेंतामावशी म्हणजे वेल्गाच्या आईची थोरली बहीण. दरवर्षी टेकडीवरची आग, बिअर आणि चीज तिच्याकडूनच असे. ती शहाजिरं घातलेल्या चीजचा गोळा फडक्यात बांधत होती.

"तो आलाय," वेल्गा म्हणाली. "मी उद्या सगळ्यांसमोर माफी मागणार आहे."

मावशीने फडक्याची गाठ करकचून ओढली. "कशाची?"

"तुला माहीत आहे कशाची."

"मला माहीत आहे. गावाला नाही. लीगोच्या गाण्याची माफी मागितलीस म्हणजे तूच सांगितलंस की त्याला लागलं. मग विचारतील, का लागलं? एकदा उघडा केलास पोराला, आता अंगावरचा सदरा पण काढणार?"

वेल्गा खाली बसली. हे तिला सुचलंच नव्हतं.

"मग एकट्याला गाठून मागते."

"मघाशी तळ्यावर एकटाच होता ना? मागितलीस?"

वेल्गा बुटावरचा चिखल नखाने खरवडू लागली. मावशी जरा नरमली. म्हणाली, गाण्याला गाणंच लागतं. त्याने तुझ्यावर एक सणसणीत कडवं रचलं की मिटलं. तो नाहीच गायला तर काय, असं वेल्गाने विचारलं. त्यावर मावशीने तिच्या हातात दुसरा गोळा दिला आणि हा बांध म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेल्गा फुलांची टोपली घेऊन गावच्या रस्त्याने निघाली. पाऊस भुरभुरत होता. लीगोला तो येतोच, त्याला कोणी बोलवावं लागत नाही. घराघरांच्या फाटकांवर बर्चच्या ओल्या फांद्या डुलत होत्या. तालिसचं घर आलं तशी तिची पावलं मंदावली. धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे तो आत होता. फाटकापासून दारापर्यंतची वाट स्वच्छ होती. ती स्वच्छ असणारच, कारण गेल्या आठवड्यात पहाटे चार वाजता, कोणी बघत नाही अशा वेळी, वेल्गानेच कोयत्याने तिथलं कंबरभर गवत कापलं होतं. निदान तणावरून तरी त्याच्यावर कोणी गाऊ नये म्हणून.

पण फाटक उघडं-बोडकं होतं. एक फांदी नाही, एक पान नाही. एकोणीस वर्षं ज्याने चुकवलं नाही त्याने या वर्षी माळ लावली नव्हती.

ती टोपलीतली फुलं घेऊन तिथे उभी राहिली. लावू का आपणच? पण कोणत्या तोंडाने? ज्या हातांनी काढून घेतली त्याच हातांनी परत लावायची आणि त्याला दिसलं तर काय म्हणायचं? खिडकीतला पडदा हलल्यासारखा वाटला. वेल्गा चोरासारखी पळाली.

संध्याकाळी तालिस आला. सगळे आल्यावर, सगळ्यात शेवटी, आणि हात खिशात घालून आला. त्याच्या डोक्यावर माळ नव्हती. झेंतामावशीने एक जास्तीची माळ काढून त्याच्या डोक्यावर बसवली, हातात बिअरचा मग आणि चीजची फोड दिली, आणि वाळलास म्हणून दोन शिव्याही दिल्या. वेल्गा आगीच्या पलीकडे बायकांत उभी होती. ज्वाळांच्या वरून तिने एकदा बघितलं. तो तिच्याकडेच बघत होता. दोघांनीही एकदमच नजर वळवली, आणि दोघांनीही ती वळवलेली बघितली.

गाणी सुरू झाली. ब्रेन्सिसने पहिलं कडवं वेल्गावर टाकलं: चीजला भोकं, बुटाला भोक, तळ्यात राहिला अर्धा मोजा. म्हणजे बुटाची बातमी गावभर झाली होती. बायका उत्तरासाठी वेल्गाकडे वळल्या. वेल्गा गप्प. ब्रेन्सिसने दुसरं टाकलं. वेल्गा गप्पच. बायका कुरकुरायला लागल्या, तिला कोपरखळ्या मारायला लागल्या, घशाला काय झालं म्हणून विचारायला लागल्या.

आणि मग ब्रेन्सिसला, ज्याच्या पोटात बिअरशिवाय कसलंच काळंबेरं नाही, वाटलं की बाई रंगात यायला तिचंच जुनं गाणं हवं. त्याने हात उंचावले आणि सुरू केलं, "तालिसच्या फाटकाला पानांची माळ..."

सगळी टेकडी गाऊ लागली. पाठच होतं सगळ्यांना. पुरुष गात होते, बायका गात होत्या, आणि मधोमध तालिस मग हातात धरून उभा होता. दात काढायला बसलेला माणूस हसतो तसा हसत होता. 'बिचाऱ्याची' या शब्दावर कोणीतरी प्रेमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचा मग हिंदकळला.

वेल्गाला वाटलं, शरम ही गोष्ट इतकी असू शकते हे आपल्याला आजवर माहीतच नव्हतं. ती पोटात नव्हती, चेहऱ्यावर नव्हती, पायाच्या नखांपर्यंत होती. पळावं. नाहीतर मरावं. नाहीतर... गाण्याला गाणं. तो गाणार नव्हता. मग राहिलं कोण?

ती चालू लागली. आगीला वळसा घालून पलीकडे, पुरुषांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. हे अपशेत कोणी कधी केलं नव्हतं. बायकांनी गलका केला, फितूर म्हणाल्या. वेल्गाने बायकांच्या बाजूला बोट रोखलं, जिथे आता तिचीच रिकामी जागा होती, आणि त्या जागेवर गायली:

*वेल्गाच्या तोंडाला फाटकच नाही, लीगो, लीगो,*
*आत आलेलं काही टिकतच नाही, लीगो, लीगो.*
*विश्वासाने कोणी ठेवलं जपून, लीगो, लीगो,*
*तीच मेली गाय गेली सगळं खाऊन, लीगो!*

आवाज शेवटच्या ओळीत चिरकला. क्षणभर कोणाला काही कळलं नाही, आणि मग टेकडी गेल्या वर्षीपेक्षा जोरात हसली. वेल्गा गाय! वेल्गाने वेल्गालाच हरवलं! ब्रेन्सिस तर हंबरायलाच लागला. सगळ्यांनी ते कडवं लगेच उचललं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गायलं. चाल तीच, आणि गाय जास्त मजेदार. का म्हणून कोणी विचारलं नाही. लीगोच्या गाण्याला 'का' असं विचारत नाहीत.

वेल्गाने तालिसकडे बघितलं. तो हसत नव्हता. पहिल्यांदाच, दोन दिवसांत पहिल्यांदा, त्याच्या चेहऱ्यावरून ते सभ्य हसू गेलं होतं. त्याने मग बाकावर ठेवला, गेल्या वर्षी जिथे माळ ठेवली होती त्याच बाकावर, आणि पाठ फिरवून टेकडी उतरून गेला.

म्हणजे नाहीच. वेल्गाला रडू आलं, पण गाईला रडायची सोय नव्हती. रात्रभर लोक तिच्याभोवती हंबरत राहिले. कोणी तिच्या माळेत गवत खोचलं, कोणी चीजची फोड पुढे करून "चू चू" केलं. तिने सगळं सोसलं. मधूनच तिच्या लक्षात आलं की जुनं कडवं त्यानंतर कोणीच म्हटलं नाही. तेवढं एक बरं झालं होतं.

पहाटे पाऊस थांबला. आभाळ तसं रात्रभर पुरतं काळं झालंच नव्हतं, आता ते दुधासारखं झालं. निम्मे लोक गवतात दव घेऊन तोंड धूत होते, निम्मे पेंगत होते. वेल्गाने चीजच्या खोलीतून ती वाळकी माळ आणली आणि आगीपाशी उभी राहिली. दुसऱ्याची माळ टाकली तर चालतं का? कोणाला विचारायची तिची छाती नव्हती.

"ती माझी आहे ना?"

तालिस. गुडघ्यांपर्यंत दवाने भिजलेला, हाताला बर्चचा चीक, केसांत एक पान.

"तुझीच. तू... विसरून गेला होतास."

"विसरलो नव्हतो. ठेवून गेलो होतो." त्याने ती हातात घेतली, फिरवून बघितली. "एक पान पडू दिलं नाहीस."

"तालिस, मला लाज वाटते," वेल्गा म्हणाली. आता ते आपोआप बाहेर आलं, एखादा दगड घरंगळावा तसं. "कालची नाही. वर्षभर वाटते. उठताना, बसताना, चीज उलटताना. तू मला एक गोष्ट दिलीस आणि मी ती टाळ्यांसाठी फुंकून टाकली. मला माफ कर असंसुद्धा म्हणवत नाही, इतकी लाज वाटते."

तालिसने बाहेर आलेलं एक लाकूड पायाने आगीत सारलं.

"तू खोटं गायली असतीस तर मी तिथल्या तिथे उलटून गायलो असतो," तो म्हणाला. "पण खरं होतं ते. खऱ्याला उत्तर कुठून आणू? म्हणून गेलो आईला बघायला. वर्षभर तिच्याच गावात छपरं घातली, वेल्गा. तिने पहिल्या दिवशी दार उघडलं, चहा दिला. दोन मुली आहेत तिला, शाळेत जातात. रविवारी जेवायला बोलवायची. वाईट नाहीये ती. पण इथे यायची आता नाही. मी नऊ वर्षांचा असताना कळायला हवं होतं, ते आता कळलं."

"म्हणून फाटकाला माळ नाही लावलीस."

"कोणासाठी लावू?"

त्याने ती वाळकी माळ तिच्यापुढे धरली. एका बाजूने त्याने धरली, दुसऱ्या बाजूने तिने, आणि दोघांनी ती आगीत टाकली. वर्षभर वाळलेली पानं तडतडून एका दमात पेटली.

"चल," तो म्हणाला. "एक दाखवायचंय."

ते टेकडी उतरून ओल्या रस्त्याने गेले. दोघांच्या खांद्यांत हातभर अंतर होतं, मग वीतभर राहिलं.

"एक सांग," तालिस म्हणाला. "मी वर्षभर नव्हतो. माझ्या वाटेवरचं गवत कोणी काढलं?"

वेल्गाच्या कानाच्या पाळ्या पुन्हा पेटल्या. "...गाईने."

तो थांबला. आणि मग हसला, खो खो, वाकून, गुडघ्यांवर हात टेकून. हे हसू तिने वर्षभर ऐकलं नव्हतं. ती पण हसली, आणि हसता हसता थोडी रडलीही.

वळणावर फाटक दिसलं. दोन्ही खांबांना बर्चच्या ताज्या फांद्या बांधल्या होत्या, सुताराच्या पक्क्या गाठींनी. आणि दोन्ही खांबांच्या मधोमध एक माळ लोंबत होती. ओक, वेखंड, पिवळी रानफुलं, सगळं वेडंवाकडं कोंबलेलं. माळ गुंफणं हे त्याचं काम नव्हे हे लांबूनच कळत होतं.

"रात्रभर हे करत होतास?"

"तीन वेळा सुटली."

त्याने फाटक उघडलं, आत गेला आणि वळून उभा राहिला. वेल्गा रस्त्यावरच थांबली. पुढे पाऊल टाकायचा आपल्याला काही हक्क आहे असं तिला वाटेना. झाडांमागून सूर्य वर येत होता, वर्षातला सगळ्यात लांब मुक्काम करून आता परतीला लागलेला, आणि जाता जाता या अंगणातही डोकावत होता. तालिसने घसा साफ केला. कधीच बरा नसलेला त्याचा आवाज त्याने अगदी खाली आणला, फक्त तिच्यापुरता, आणि एक वर्ष राहिलेलं उत्तर गायला:

*फाटक उघडं आहे, नवी आहे माळ, लीगो, लीगो,*
*खायची तर खा गं, नाहीतर घाल, लीगो, लीगो.*
*रस्त्यात उभी राहून लाजू नको फार, लीगो, लीगो,*
*वाट बघून थकलंय बिचाऱ्याचं दार, लीगो.*

'बिचाऱ्याचं' म्हणताना त्याने एक डोळा बारीक केला.

अपशेत कडव्याला कडव्याने उत्तर द्यावं लागतं, नाहीतर हरलात. वेल्गाने तोंड उघडलं. काही सुचलं नाही. पुन्हा उघडलं. एक शब्द नाही. ती आयुष्यात पहिल्यांदा हरली होती, आणि ते बघायला तिथे गावातलं कोणी नव्हतं.

मग तिने वाकून माळेखालून डोकं घातलं आणि आत गेली.